ठळक म्हणजे मथळा नव्हे

मामाच्या लॅपटॉपचा पडदा कायम काळा असतो. उजेडाचा उपयोगच नाही तर बॅटरी कशाला जाळायची, असं तो म्हणतो. मागच्या दिवाळीआधीच्या एका रविवारी गिरगावातल्या त्याच्या खोलीत त्या काळ्या पडद्यासमोर आम्ही दोघं बसलो होतो. एका सार्वजनिक वाचनालयासाठी मी केलेलं संकेतस्थळ मला त्याला दाखवायचं होतं. दाखवायचं, हाच शब्द माझ्या मनात होता. दिवाळी अंकांची यादी, नव्या पुस्तकांची नोंद, घरबसल्या पुस्तकाची मुदत वाढवायची सोय, सगळं महिनाभर खपून केलेलं. लाल मथळे, फिकट पिवळसर पार्श्वभूमी, मुखपृष्ठांच्या रांगा. मला ते फार आवडलं होतं.

मामाने पान उघडलं आणि ‘एच’ची कळ दाबली.

‘नो नेक्स्ट हेडिंग,’ यंत्र म्हणालं.

त्याने पुन्हा दाबली. पुन्हा तेच.

‘मथळे नाही दिलेस?’

‘दिलेत की. चांगले मोठे आहेत. ठळक, लाल रंगात.’

‘मोठे आहेत ते तुला. हा मथळा आहे, असं कुठे लिहिलंयस का?’

मी गप्प बसले. लिहिलेलं नव्हतं.

मामाचा आयुष्यभराचा धंदा मुद्रितशोधनाचा. गिरगावातल्या एका छापखान्यात तो विशीत लागला आणि छापखाना बंद होईपर्यंत तिथेच राहिला. खिळे जुळवण्याचा काळ त्याने पाहिला, मग ऑफसेट आलं, मग डीटीपी आलं, मामाच्या हातातलं लाल पेन मात्र तेच राहिलं. पुढे काचबिंदू झाला. काचबिंदूत बहुतेक वेळा दुखत-खुपत काही नाही, कडेची नजर आधी जाते आणि बऱ्याच जणांना ती गेल्याचा पत्ताही लागत नाही. मामाला पत्ता लागला तो समासावरून. समासातल्या स्वतःच्याच खुणा त्याच्या नजरेतून सुटायला लागल्या. डॉक्टरांकडे जाईपर्यंत बरंच नुकसान झालेलं होतं आणि या आजारात गेलेली नजर परत येत नाही.

सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी एक रिसोर्स सेंटर चालतं. गिरगावातून ते काही लांब नाही. तिथे जाऊन मामा साठी उलटल्यावर संगणक शिकला. त्याच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर आहे, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम. मायकेल करन आणि जेम्स टे या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरांनी तो उभा केला. करन यांनी २००६ मध्ये सुरुवात केली, कारण तेव्हाचे चांगले स्क्रीन रीडर फार महाग होते. एनव्हीडीए आजही फुकट मिळतो. मामासारख्या पेन्शनीत भागवणाऱ्या माणसाच्या घरात तो आहे, यामागचं हेच कारण.

त्या दिवसापर्यंत माझी अशी समजूत होती की स्क्रीन रीडर वापरणारा माणूस पान वरपासून खालपर्यंत ऐकत बसतो, रेडिओवरच्या बातम्यांसारखं. तसं कुणीच करत नाही. आपण तरी सकाळी वर्तमानपत्र हातात आल्यावर पहिल्या शब्दापासून वाचायला लागतो का? नजर मथळ्यांवरून फिरते, एखाद्या ठिकाणी थांबते, खाली उतरते, कंटाळली की पुढच्या रकान्यात जाते. मामाही तसंच करतो, फक्त त्याची नजर बोटांत आली आहे. ‘एच’ दाबलं की पुढचा मथळा. ‘१’ दाबलं की पहिल्या पातळीचा, ‘२’ दाबलं की दुसऱ्या. ‘डी’ दाबलं की पानाचा पुढचा विभाग, ‘टी’ दाबलं की तक्ता, ‘बी’ दाबलं की बटन. आवाज त्याने इतका भरधाव ठेवलेला आहे की मला त्यातला एक शब्द कळत नाही. वेबएम नावाची अमेरिकेतली संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची अधूनमधून पाहणी करते. लांबलचक पानावर हवं ते कसं शोधता, या प्रश्नाला त्यातले निम्म्याहून जास्त लोक एकच उत्तर देतात, मथळ्यांवरून.

मामा ज्या दारातून आत येतो ते दारच मी बांधलं नव्हतं.

काय केलं होतं ते नीट सांगायला हवं. एचटीएमएल म्हणजे वेबची पानं लिहायची भाषा. तिच्यात ‘डिव्ह’ नावाची एक खूण असते. डिव्ह म्हणजे नुसता एक खोका. त्यात काय आहे हे तो सांगत नाही. त्याला रंग द्या, कड द्या, अक्षर मोठं करा, पडद्यावर तो तुम्हाला हवा तसा दिसतो. माझा मथळा म्हणजे मोठ्या अक्षरांचा डिव्ह होता. माझा मेनू म्हणजे आडव्या मांडलेल्या दुव्यांचा डिव्ह. लेख डिव्हमध्ये, बाजूची चौकट डिव्हमध्ये, तळाचा पत्ता डिव्हमध्ये आणि ‘मुदत वाढवा’ हे बटनसुद्धा बटनासारखा दिसणारा डिव्ह. पान डोळ्यांनी पाहिलं तर त्याला डोकं होतं, धड होतं, पाय होते. पण पानाच्या आतल्या लिखाणात फक्त खोक्यांत खोकी होती, एकावरही चिठ्ठी नाही.

मी या धंद्यात आले २००८ साली. तेव्हा जुने लोक सांगायचे की त्यांच्या काळी अख्खं पान तक्त्यात, म्हणजे ‘टेबल’मध्ये मांडायचे. जागा सोडायला एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र ताणून बसवायचे. त्यापुढे डिव्ह आणि सीएसएस, म्हणजे पान कसं दिसावं ते वेगळं लिहायची भाषा, ही केवढी स्वच्छता! आम्हाला खरंच तसं वाटायचं. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी एचटीएमएल५ हे अधिकृत प्रमाण म्हणून जाहीर झालं. हेडर, नॅव्ह, मेन, आर्टिकल, सेक्शन, असाइड, फूटर अशी, पानाचा कुठला भाग काय आहे ते सांगणारी नावं त्यात आली. मी ती वाचली, मुलाखतींत त्यांबद्दलची उत्तरंही दिली आणि काम करताना पुन्हा डिव्हच लिहीत राहिले. पडद्यावर फरक दिसत नव्हता ना. ज्यांना फरक कळतो ती माणसं माझ्या समोर कधी बसलेली नव्हती.

या नावांमागची गोष्ट मला फार आवडते. २००५ च्या डिसेंबरमध्ये गूगलने एक अभ्यास प्रसिद्ध केला, इयान हिक्सन यांनी केलेला. जगभरातली एक अब्जाहून अधिक पानं तपासून लोक आपल्या खोक्यांना काय नावं देतात ते त्यांनी मोजलं. क्लास म्हणून दिलेल्या नावांत सगळ्यात वर निघालं ‘फूटर’. मागोमाग मेनू, टायटल, कंटेंट, हेडर, नॅव्ह अशी मंडळी. एकमेकांना कधी न भेटलेल्या लाखो लोकांनी पानाच्या त्याच त्या अवयवांना जवळपास तीच नावं ठेवली होती. हिक्सन पुढे एचटीएमएल५ चे संपादक होते आणि या यादीतली कितीतरी नावं प्रमाण भाषेत आली. क्लासचं नाव हे खोक्याच्या आतल्या बाजूला लिहिलेलं असतं, ते लिहिणाऱ्याला दिसतं, यंत्राला त्यातून अर्थ कळत नाही. तेच नाव खूण म्हणून लिहिलं की ब्राउझर ते पुढे स्क्रीन रीडरला सांगतो आणि स्क्रीन रीडर मामाला. माझ्या पानावरसुद्धा ‘हेडर’ नावाचा क्लास होता. नाव मला माहीत होतं. मी ते आत लिहून झाकण लावलं होतं.

त्या रविवारी मी मामाला हे सगळं सांगितलं तेव्हा तो हसला आणि त्याने छापखान्यातली गोष्ट काढली.

लेखकाचं हस्तलिखित छापखान्यात आलं की संपादक किंवा मुद्रितशोधक त्यावर आधी खुणा करायचा. कंपोझिटरला कळावं म्हणून. ‘तिथे आम्ही काय लिहायचो? मुख्य मथळा. उपमथळा. उतारा. चौकट. तळटीप. मथळ्याला कुठला टाइप लावायचा ते छापखान्याचं ठरलेलं असायचं, भिंतीवर कागद लावलेला असायचा. नवीन संपादक यायचे ते लिहायचे, हे मोठ्या टाइपात घ्या, हे काळ्यात घ्या. मग दुसऱ्या आवृत्तीला पुस्तकाचा आकार बदलला की पंचाईत. मोठं म्हणजे किती मोठं? आणि का मोठं? तो मथळा होता म्हणून, की लेखकाला तिथे ओरडायचं होतं म्हणून? कंपोझिटर येऊन मला विचारायचा आणि मी पुन्हा अख्खं पान वाचायचो.’

मार्कअप हा शब्द तिथलाच आहे. हस्तलिखितावर खुणा करणं म्हणजे मार्कअप. एचटीएमएलमधला ‘एम’ तोच. १९६९ साली आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी या तिघांनी संगणकासाठी अशा खुणांची भाषा केली. जीएमएल हे तिचं नाव तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून बेतलेलं. अक्षर कसं दिसावं हे मजकुरात लिहायचं नाही, तो मजकूर काय आहे ते लिहायचं, हा तिचा गाभा. त्यातूनच १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय प्रमाण झालं, आणि टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेब उभं करताना तिथे वापरात असलेल्या एसजीएमएलच्याच खुणा उचलल्या. १९९१ मधल्या त्यांच्या पहिल्या यादीत जेमतेम दीड डझन प्रकारच्या खुणा होत्या. शीर्षक, परिच्छेद, याद्या, सहा पातळ्यांचे मथळे, पत्ता. ठळक आणि तिरपं नंतर आलं. डिव्ह तर त्याहून नंतर. म्हणजे मामाचा कागद आधीचा आहे, माझे खोके मागाहून आले.

हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. सिमँटिक एचटीएमएल, म्हणजे अर्थ सांगणाऱ्या खुणांनी पान लिहिणं, हा शब्द मी पंधरा वर्षं वापरत होते, पण तो मला एखाद्या कडक मास्तराच्या नियमासारखा वाटायचा. गिरगावातल्या कळकट भिंतीवरच्या एका कागदाशी त्याचं नातं आहे हे कुणी सांगितलं असतं तर मी आधीच शहाणी झाले असते.

मग आम्ही पान तपासायला बसलो. तपासलं मामाने, मी लिहून घेतलं. त्याने पेनाऐवजी बाणाच्या कळा हातात घेतल्या एवढंच, बाकी बसण्याची ढब तीच, मान किंचित डावीकडे.

प्रत्येक पानावर आधी मेनूतले एकोणीस दुवे ऐकावे लागत होते. पान बदललं की पुन्हा तेच एकोणीस. ‘नॅव्ह’ आणि ‘मेन’ असते तर ‘डी’ दाबून तो थेट मजकुरावर गेला असता. ‘मुदत वाढवा’ त्याला ‘बी’ दाबून सापडेना, टॅब दाबत गेला तर टॅब त्यावरून उडी मारून पुढे जाई. बाणाच्या कळेने एकेक ओळ खाली येताना ते अचानक ऐकू आलं, एखाद्या वाक्याच्या तुकड्यासारखं. खरं ‘बटन’ लिहिलं की ब्राउझर कितीतरी गोष्टी न सांगता करतो. टॅब तिथे थांबतो, एंटर चालतं, स्पेस चालते, स्क्रीन रीडर नावापुढे ‘बटन’ असं म्हणतो. हात थरथरतो म्हणून माउस धरता न येणारी माणसंही त्यावरच अवलंबून असतात. मी माझा डिव्ह बटनासारखा दिसावा म्हणून पंधरा-वीस ओळी सीएसएस लिहिलं होतं, आणि तो बटनासारखा वागावा यासाठी एक ओळही नाही.

फॉर्म सगळ्यात वाईट निघाला. वर सभासदाची माहिती भरायचा फॉर्म, तळाशी वार्तापत्र मागवायचा छोटा फॉर्म. तळाच्या चौकोनावर मामा आला की यंत्र म्हणे, ‘एडिट, ब्लँक’. काय भरायचं ते नाही. मी म्हटलं, इथे तर लेबल आहे, ही चूक माझी नाही. शोधता शोधता सापडलं. दोन्ही फॉर्ममधल्या नावाच्या चौकोनाला मी एकच आयडी, म्हणजे ओळखीची खूण, दिली होती. लेबल आयडीवरून आपला चौकोन शोधतं आणि पानावर त्या आयडीचा जो पहिला भेटेल त्याला जाऊन चिकटतं. त्यामुळे वरच्या चौकोनाला दोन लेबलं आणि खालचा बिनलेबलाचा.

‘दादरसारखं झालं म्हणायचं,’ मामा म्हणाला.

दादरला कित्येक वर्षं दोन एक नंबरचे फलाट होते, एक पश्चिम रेल्वेचा, एक मध्य रेल्वेचा. एक नंबरवर भेटू म्हटलं की कुठल्या एक नंबरवर, हे विचारावंच लागे. ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक दिले आणि पश्चिमेचे १ ते ७ तसेच ठेवले. डोळस माणसाला आधीही पाट्या पाहून, गाड्या पाहून, गर्दीचा कल पाहून अंदाज येत होता. मामा पांढरी काठी घेऊन त्या पुलावर उभा राहायचा तेव्हा त्याच्या हाती फक्त कुणी तरी सांगितलेला आकडा असायचा. तो आकडा एकच हवा आणि एकाच जागेचा हवा. मी त्या पुलावरून शेकडो वेळा गेले आहे आणि मला हे कधी जाणवलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे रात्री मुलुंडच्या घरी बसून मी ते संकेतस्थळ नव्याने लिहिलं. वाचनालयाच्या कार्यकारिणीला दिसण्यात काही बदल होणार नाही एवढंच सांगितलं, कारण खरोखर काहीच बदलणार नव्हतं. रंग तेच, मांडणी तीच. तरी ते काम नावं बदलून टाकण्याइतकं सरळ नव्हतं. डिव्ह खोडून नाव लिहायचं तर ते नक्की काय आहे हे आधी ठरवावं लागतं, आणि मी पुष्कळ गोष्टी न ठरवताच पानावर ठेवून दिल्या होत्या. दर अंकाखाली ‘याच संपादकांचे इतर अंक’ अशी एक पेटी होती. ती लेखाचा भाग की नाही? ‘सेक्शन’ की ‘असाइड’? मी मामाला फोन केला. तो म्हणाला, ‘ती काढून टाकली तर वरचा मजकूर अपुरा राहतो का? नाही ना? मग ती चौकट.’ असाइडची याहून चांगली व्याख्या मी कुठल्याही तांत्रिक पुस्तकात वाचलेली नाही.

‘आर्टिकल’साठीही त्याने अशीच कसोटी दिली. हा मजकूर कापून दुसऱ्या अंकात नेऊन छापला तर एकटा उभा राहील का? राहत असेल तर आर्टिकल. प्रत्येक दिवाळी अंकाचा परिचय उभा राहिला. ‘आजचा सुविचार’ राहिला नाही, आणि मग तो पानावर होता तरी कशासाठी हा प्रश्न आला. तो आम्ही काढून टाकला.

मथळ्यांच्या पातळ्यांत माझी खोड जुनी. एच२ नंतर एच४, म्हणजे दुसऱ्या पातळीच्या मथळ्यानंतर थेट चौथ्या पातळीचा, कारण एच४ चा आकार तिथे छान दिसतो. आकार हे सीएसएसचं काम, पातळी म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका. प्रकरणातून थेट उप-उपप्रकरणात उडी मारली की वाचणाऱ्याला वाटतं मधलं एक पान फाटलंय. एकेकाळी प्रमाणात असंही लिहिलेलं होतं की सेक्शनमध्ये सेक्शन घातला तर ब्राउझर पातळी आपली आपण काढेल, सगळीकडे एच१ लिहिलं तरी चालेल. कुठल्याच ब्राउझरने ते स्क्रीन रीडरपर्यंत पोचवलं नाही आणि २०२२ मध्ये तो भाग प्रमाणातून वगळला गेला. तेव्हा पातळी आपणच ठरवायची, हातानं.

वेळापत्रकाचा तक्ता मात्र सोपा गेला. तिथे तक्ता हा खरंच तक्ता होता. वारांच्या आणि शाखांच्या चौकोनांना शीर्षकाची खूण दिली, आणि मामा कंट्रोल-ऑल्ट धरून बाणाने फिरू लागला तसं यंत्र प्रत्येक वेळी वार आणि शाखा सांगून मग वेळ सांगू लागलं.

उत्साहाच्या भरात मी दर दोन परिच्छेदांना ‘सेक्शन’ करून त्याला नाव देऊन टाकलं होतं. ते ऐकल्यावर मामा वैतागला. ‘रीजन, रीजन, रीजन. अगं, मजकूर कुठाय?’ सगळ्याच ओळींवर खूण केली की एकही खूण उरत नाही. निम्मी नावं मी परत काढली. ठळक अक्षराच्या ‘स्ट्राँग’चा तर एनव्हीडीए मुळात उच्चारच करत नाही, त्या सोयीची सेटिंग्ज बंद असतात आणि मामाने ती बंदच ठेवली आहेत. अर्थाची प्रत्येक खूण ऐकणाऱ्यापर्यंत पोचते असं नाही. आणि ‘परिच्छेद’ पुरत असेल तिथे परिच्छेदच बरा. मेनूच्या पट्टीला, चौकटीला, फॉर्मला मात्र नाव हवंच. एआरिया नावाची एक जोडव्यवस्था आहे, तिने डिव्हलासुद्धा ‘तू बटन आहेस’ असं सांगता येतं. पण तिच्याच नियमावलीत पहिला नियम असा की मूळ खूण उपलब्ध असेल तर आधी तीच वापरा. नुसतं बटन म्हटल्याने एंटर चालू होत नाही.

हे दयेचं काम आहे असं मला वाटत नाही, आणि कुणी तसं म्हटलं की त्रास होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती आणि डिजिटल सेवा सर्वांना वापरता याव्यात असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या केवायसीबद्दलच्या याचिकांवर निकाल देताना सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मी या शहरात पंधरा वर्षांत किती तरी कंपन्यांसाठी पानं केली. एकाही बैठकीत कुणी विचारलं नाही की हे न पाहता वाचता येतं का. मीही विचारलं नाही. ती पानं अजून चालू आहेत, आणि त्यांच्यातल्या ‘एडिट, ब्लँक’वर रोज कुणीतरी अडखळत असेल, हे आठवलं की मला झोप लागत नाही.

एक गोष्ट शेवटपर्यंत राहून गेली होती. मी तयार साचा वापरला होता आणि त्याच्या अगदी पहिल्या ओळीत पानाची भाषा इंग्रजी लिहिलेली होती. मराठी पानावर. मामाचं यंत्र त्या ओळीवर विश्वास ठेवून मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या तोंडी देत होतं. काही जागी तुटकी अक्षरं, काही जागी शांतता. मामा दरवेळी आवाज हाताने बदलून घेत होता आणि मला बोलला नव्हता, कारण बहुतेक मराठी पानांवर त्याला तेच करावं लागतं. मी तिथे दोन अक्षरं बदलली, ‘ईएन’ काढून ‘एमआर’ लिहिलं. आता पान उघडलं की मराठी आवाज आपोआप लागतो. त्या आवाजाला ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले च अजून वेगळे करता येत नाहीत, पण ते माझ्या हातात नाही.

ती दोन अक्षरं बदलून मी पान पुन्हा उघडलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. मला आधी वाटलं माझ्या डोळ्यांवर झोप आहे. पानावरचे सगळे ल बदलले होते. हिंदी वळणाचा दांडीचा ल जाऊन मराठी पाकळीचा ल आला होता. श चंही वळण बदललं होतं. काही देवनागरी फाँटांत दोन्ही वळणं असतात आणि पान मराठी आहे असं सांगितलं तर ब्राउझर मराठी वळण काढतो. मी तो फाँट दोन वर्षं वापरत होते. त्यात हा ल होता आणि मी कधी मागितलाच नव्हता.

पुढच्या रविवारी गिरगावात गेले. मामाने ‘एच’ दाबलं, मथळे एकामागून एक येत गेले, त्याने ‘२’ दाबून दिवाळी अंक गाठले, मुदत वाढवून पाहिली, तळाच्या फॉर्ममध्ये नाव भरलं. काही बोलला नाही. प्रूफ बरं असलं की तो काही बोलत नसे, खाली सही करून पुढचं पान घ्यायचा.

मग मी त्याला ल बद्दल सांगितलं.

तो एकदम माझ्याकडे वळला. डीटीपी आलं त्या वर्षांत दांडीच्या ल भोवती त्याने किती गोल काढले असतील त्याची गणती नाही. डीटीपीवाला दरवेळी म्हणायचा, काका, फाँटातच तसा आहे, मी काय करू. शेवटी मामाने गोल काढणं सोडलं होतं.

‘पाकळीचा? नक्की?’

‘पाकळीचा.’

‘आणि श?’

‘तोही.’

त्याने बोटाने टेबलावर एक ल काढला, सावकाश, दोन पाकळ्यांचा, बिनदांडीचा. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

‘उजेड वाढव याचा,’ तो म्हणाला. ‘आणि ल असलेले शब्द तेवढे वाचून दाखव.’

मी पडदा उजळला. पहिलाच शब्द ‘वाचनालय’ होता.